दहावा मोजायचा राहिला: पंचवटीतील एका उपनिषद-वाचनवर्गाचे परीक्षण

फी १,८०० रुपये, वेळ शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात, एकूण बारा बैठका, आणि जागा म्हणजे नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर असलेल्या एका जुन्या वाड्याची माडी. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू झालेला हा वर्ग रथोत्सवाच्या आठवड्यातली एक सुट्टी धरून मे महिन्याच्या सुरुवातीला संपला. शिकवणाऱ्या बाई संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत. आपले नाव कोठेही छापू नये असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि आयोजकांविषयी मला थोड्या तक्रारीही करायच्या असल्यामुळे त्यांचेही नाव मी येथे घेत नाही. ज्यांना जायचेच आहे त्यांना विचारत विचारत तो वाडा सापडेल. पंचवटीत पत्ता असाच सापडतो.

मी या वर्गाला का गेले हे सांगितल्याशिवाय माझे मत किती धरावे आणि किती सोडावे हे वाचकाला ठरवता येणार नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी सव्वीस वर्षे काम केले. गेल्या वर्षी तो विभाग दुसऱ्या शहरात हलवला गेला आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी घरी बसले. पैशांची मोठी ओढाताण नव्हती. त्रास वेगळाच होता: सकाळी साडेआठला, कंपनीची बस यायच्या वेळी, मी आपोआप पर्स शोधू लागायची आणि मग आपल्याला कोठेच जायचे नाही हे आठवायचे. घरात कोणी काही बोलले नाही, उलट सगळे जपूनच वागत होते, आणि त्या जपण्यानेच जास्त लागत होते. आपली आता कोणाला काय गरज, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही, पण तो दिवसभर घरात माझ्यामागे फिरत असे.

त्याच काळात मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात भरलेल्या आत्मविश्वास-कार्यशाळेलाही मी जाऊन आले होते. एका दिवसाचे ४,५०० रुपये. आम्हा पन्नास-साठ जणांच्या हातात छोटे आरसे देऊन, स्वतःच्या डोळ्यांत पाहत ‘मी अनमोल आहे’ असे एकवीस वेळा म्हणायला लावले गेले. माझ्या शेजारच्या बाई सातव्या वेळेला रडू लागल्या, त्यांना खरोखरच बरे वाटले असावे, आणि त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मला मात्र एवढेच सुचत राहिले की या नोंदीचे व्हाउचर कोठे आहे. ज्या नोंदीमागे कागद नाही तिच्याभोवती ऑडिटर लाल शाईने गोल काढतो. माझ्या अनमोलपणाभोवती तो गोल मला आरशात स्पष्ट दिसत होता. दुपारचे जेवण उत्तम होते.

त्यामुळे पंचवटीतल्या वर्गाच्या पत्रकावर ‘उपनिषदांतून आत्मसन्मान जागवा’ असे ठळक अक्षरांत वाचले तेव्हा मी ते घडी घालून पर्समध्ये टाकले आणि आठवडाभर विसरले. पत्रक वाईट आहे, हे आयोजकांनी ऐकून घ्यावे. ते वाचून येणाऱ्याला आरसेवाल्या कार्यशाळेची स्वस्त आवृत्ती मिळेल असे वाटते, आणि वर्गात प्रत्यक्षात जे चालते त्याचा त्या पत्रकाशी फारसा संबंध नाही.

पहिल्या पाच बैठका छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाला दिलेल्या होत्या. बाई आधी मूळ संस्कृत वाचत, मग संधी सोडवत, मग शब्दाला शब्द लावून सरळ अर्थ सांगत, आणि सर्वांत शेवटी भाष्यकार काय म्हणतात तिकडे वळत. कथेतली माणसे, प्राणी, झाडे यांना आपल्या आतल्या अवस्था समजून वाचणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे, पण शब्दाचा साधा अर्थ हाती येण्याआधीच ती वापरली तर ग्रंथाचा आरसा होतो आणि त्यात आपल्याला आपलेच तोंड दिसते, असे त्या म्हणाल्या. कार्यशाळेतला तो आरसा मला लगेच आठवला आणि मी वही उघडली.

अध्यायाची सुरुवातच मला अनपेक्षित होती. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून घरी येतो. तो कसा परतला हे सांगायला उपनिषद तीन विशेषणे वापरते: महामना, अनूचानमानी आणि स्तब्ध. म्हणजे स्वतःला थोर समजणारा, स्वतःला विद्वान मानणारा, आणि ताठ. (आपण मराठीत ‘स्तब्ध’ म्हणतो ते वेगळे, येथे मान न वाकणारा असा अर्थ आहे.) वर्गात निम्म्याहून अधिक माणसे माझ्यासारखी, कोठून तरी खचून आलेली होती. बाईंनी सगळ्यांकडे पाहून विचारले, की तुम्हा खचलेल्यांसाठी मी ही फुगलेल्या मुलाची गोष्ट का निवडली असेल? कोणी उत्तर दिले नाही. त्यांनी स्वतःही लगेच दिले नाही, तिसऱ्या बैठकीला दिले: माणूस फुगला काय किंवा खचला काय, दोन्ही वेळा मोजमाप बाहेरचेच असते, आणि ते माप हातातून सुटले की दोघांचीही अवस्था एकच होते. माझे माप मला माहीत होते. ते साडेआठच्या बसमध्ये होते.

या अध्यायात एक प्रसंग आहे जो व्याख्यानांमधून फारसा ऐकायला मिळत नाही, आणि माझ्या मते निम्मी फी त्याच बैठकीत वसूल झाली. श्वेतकेतूचा बाप उद्दालक त्याला सांगतो, पंधरा दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवे तेवढे पी. सोळाव्या दिवशी श्वेतकेतू येतो आणि बाप म्हणतो, आता ऋचा, यजू आणि सामे म्हणून दाखव. बारा वर्षे शिकलेल्या त्या मुलाला एक ओळ आठवत नाही. तेव्हा बाप म्हणतो की मोठ्या पेटलेल्या अग्नीतून काजव्याएवढाच एक निखारा उरावा आणि त्याने फार काही जाळता येऊ नये, तसे तुझे झाले आहे. जा, जेवून ये. तो जेवतो, परत येतो, आणि जे विचारावे ते त्याला आठवते. निखाऱ्याला गवत घातले आणि तो पुन्हा पेटला. मन हे अन्नमय आहे, हा त्यातला सिद्धान्त.

बाईंनी यावर पाऊण तास घेतला. घरी बसल्यानंतर चौथ्या महिन्यात भाच्याने मला जीएसटीच्या विवरणपत्रातली एक साधी गोष्ट विचारली होती, जी मी दर महिन्याला भरत आले होते, आणि ती मला आठवली नव्हती. त्या रात्री मला पक्के वाटले की सव्वीस वर्षांचे काम माझ्यातून पुसले गेले. श्वेतकेतूला ऋचा आठवत नाही तेव्हा बाप त्याला ‘तुला काही येत नाही’ असे म्हणत नाही, ‘जेवून ये’ म्हणतो, हे वाचताना मी वहीवर काहीच लिहू शकले नाही. याच बैठकीत एका ताईंनी विचारले की हे ज्ञान झाल्यावर झोपेच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का. बाईंचा आवाज एरवी मऊ असतो, पण तेव्हा त्या जवळजवळ रागावल्या. मन अन्नमय आहे असे ज्या अध्यायात लिहिले आहे तो वाचून कोणी औषध सोडणार असेल तर त्याने अध्याय वाचलेलाच नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक गोळीही कमी करायची नाही, असे त्या म्हणाल्या. अशा वर्गांमध्ये हे वाक्य किती क्वचित ऐकू येते हे ज्यांनी चार ठिकाणी पैसे भरले आहेत त्यांना ठाऊक असेल.

वडाच्या फळाची बैठक वेगळी ठेवली होती, आणि त्यामागे कारण होते. उद्दालक मुलाला न्यग्रोधाचे, म्हणजे वडाचे, फळ आणायला सांगतो; आम्ही पंचवटीत बसलो होतो, जेथे सीतागुंफेजवळचे पाच वड पाहायला रोज गाड्या भरभरून माणसे येतात. बाईंनी रस्त्याकडेच्या एका वडाखाली पडलेली फळे वेचून आणली होती. प्रत्येकाला एका कागदावर एक फळ आणि अर्धे ब्लेड. फळ लाल, सुपारीपेक्षा लहान, देठ जवळपास नाहीच, कारण वडाची फळे फांदीला जोडीने चिकटून येतात. मधोमध चिरले तर आत शेकडो बारीक पिवळट दाणे, आणि माझ्या फळात एक मेलेली चिमुकली माशी. मी ती चोरून बाजूला करत होते तेवढ्यात बाई म्हणाल्या, “ती टाकू नका. उपनिषदात तिचा उल्लेख नाही, पण वडाची फुलं फळाच्या आत असतात, आणि ही आत शिरल्याशिवाय बी धरत नाही.”

मग एक दाणा चिरायचा. मी चष्मा बदलला, श्वास रोखला, ब्लेड टेकवले, आणि दाणा उडून शेजारच्या काकांच्या धोतरावर गेला. दुसरा चिरडला गेला. तिसऱ्याचे दोन तुकडे झाले असे मला वाटले. “काय दिसतंय?” बाईंनी विचारले. “काही नाही, बाई,” मी म्हणाले. श्वेतकेतूही हेच म्हणतो, ‘न किञ्चन’, आणि बाप सांगतो की जे सूक्ष्म तुला दिसत नाही त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. तेच सगळ्याचे सत्य आहे, तो आत्मा आहे, आणि श्वेतकेतो, ते तू आहेस.

हे वाक्य, मुळात ‘तत्त्वमसि’, त्या अध्यायात नऊ वेळा येते. बाईंनी आमच्याकडून ते नऊही वेळा, प्रत्येक दृष्टान्तासह, वाचून घेतले आणि एक गोष्ट दाखवली जी मला स्वतःहून कधी दिसली नसती. वाक्य ‘मी आहे’ असे नाही, ‘तू आहेस’ असे आहे. श्वेतकेतू ते आरशासमोर स्वतःला म्हणत नाही. ते त्याला त्याचा बाप सांगतो, आधी ‘सोम्य’ अशी हाक मारून, जिला मराठीत ‘बाळा’ हाच जवळचा शब्द आहे. आणि बाप त्याला ‘ते’ म्हणतो तेव्हा त्याच्या बारा वर्षांच्या अभ्यासाचा त्यात काहीही वाटा नसतो. अभ्यास केला म्हणून तू ते आहेस असे नाही, अभ्यास विसरलास म्हणून ते नाहीस असेही नाही. मोल वाढवून सांगितलेले नाही. मोल लावण्याचा व्यवहारच तेथे थांबवलेला आहे. एका पूर्ण बैठकीत तर बाईंनी या वाक्याचे उलटे वाचनही समजावले. मध्वाचार्य याच अक्षरांची फोड ‘स आत्मा अतत् त्वमसि’, म्हणजे ‘ते तू नाहीस’, अशी करतात, आणि जीव हा देवावर अवलंबून आहे, देव नव्हे, असे मांडतात. वर्गातल्या दोघा-तिघांना हे मांडणेच खटकले. मला मात्र बरे वाटले की शिकवणारी व्यक्ती विरोधी पक्षाला टर न उडवता पूर्ण तास देते. शिवाय आपले मोल आपल्याला धरून ठेवणाऱ्यामुळे आहे, हा विचारही आत्मसन्मानाचा मार्ग असू शकतो, हे मला त्याच दिवशी लक्षात आले.

आता दहाव्याबद्दल. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशी या वेदान्तग्रंथात, तृप्तिदीप नावाच्या सातव्या प्रकरणात, दहा माणसांची गोष्ट आहे. दहा जण नदी ओलांडतात, पलीकडे जाऊन प्रत्येक जण मोजतो, नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. दहावा बुडाला म्हणून ते रडू लागतात, डोके बडवून घेतात. कोणी शहाणा वाटसरू येतो, आधी सांगतो की दहावा आहे, मग सांगतो की दहावा तूच. विद्यारण्यांनी यातून सात अवस्था काढल्या आहेत: अज्ञान, आवरण (दहावा नाहीच असे वाटणे), विक्षेप (त्यापायी रडणे), परोक्षज्ञान (दहावा आहे हे ऐकून कळणे), अपरोक्षज्ञान (तो मीच हे स्वतःला कळणे), शोकाचे निवारण आणि तृप्ती. मी आयुष्यभर ताळेबंद जुळवले आहेत, आणि एकाने कमी पडणारी बेरीज कशी छळते हे मला कोणी शिकवायला नको. पण चूक रकमेत नसून मोजणाऱ्यात असू शकते, हे माझ्याही ध्यानात आले नव्हते.

वर्गात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका होते. गोष्ट संपताच ते म्हणाले, “बाई, आमच्या वेबिलात कंडक्टर कधीच नसतो. गाडीत चव्वेचाळीस लिहिलं म्हणजे चव्वेचाळीस. मी आणि ड्रायव्हर धरून सेहेचाळीस, पण ते कागदावर नाही.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. त्याच आठवड्यात आमच्याकडे सासऱ्यांचे वर्षश्राद्ध होते. स्वयंपाकघरातून नणंदेने विचारले, “वहिनी, पानं किती मांडायची?” मी मोजून सांगितले, “अकरा.” पाने वाढून झाल्यावर सगळे बसले, आणि मी उभी. नणंद म्हणाली की तू बस, माझे नंतर वाढ. मी म्हणाले की नको, मीच मोजताना चुकले. बारावे पान मी स्वतः मांडले, मीठ वाढले, लिंबाची फोड ठेवली. कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

ज्ञानेश्वरीला दोनच बैठका मिळाल्या, हे फारच कमी आहे. सहाव्या अध्यायात गीता सांगते की स्वतःचा उद्धार स्वतःच करावा, स्वतःला खचू देऊ नये. त्यावर ज्ञानेश्वरांनी नळीवरच्या पोपटाचा दृष्टान्त दिला आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भाराने ती उलटी फिरते, आणि आपण बांधले गेलो या शंकेने तो तिला अधिकच घट्ट धरतो, कोणी बांधलेले नसताना. दुसरीकडे तेराव्या अध्यायात ज्ञानाचे पहिले लक्षण म्हणून अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे, येते आणि मान मिळू लागला की अवघडणाऱ्या माणसाचे वर्णन ज्ञानेश्वर किती तरी ओव्यांत, मोठ्या हौसेने करतात. मग सन्मान हवा की नको? हा प्रश्न मी विचारला. बाईंचे उत्तर असे होते की ज्याच्या खिशात पैसे आहेत तो हात पसरत नाही, म्हणून अमानित्व ही कमतरता नसून भरलेपण आहे. उत्तर सुंदर आहे, पण मला पुरेसे वाटले नाही. ज्या बाईला घरात आणि कचेरीत कधी मानच मिळाला नाही तिला अमानित्व शिकवणे आणि ज्याला तो रोज मिळतो त्याला शिकवणे यांत फरक आहे, आणि तो फरक ग्रंथाबाहेर जाऊनच बोलावा लागतो. तेथवर वर्ग गेला नाही. आणखी एक बैठक असती तर कदाचित गेला असता.

सर्वांत कच्ची बैठक रामायणाची. खरे तर साहित्य अस्सल होते. अध्यात्मरामायणात राम पंचवटीत राहायला आल्यावर लक्ष्मण त्याला एकान्तात मोक्षाचे साधन विचारतो आणि राम मायेची विक्षेप आणि आवरण अशी दोन रूपे सांगतो. आम्ही बसलो होतो त्याच परिसरात घडलेला म्हणून मानला जाणारा हा संवाद, आणि शब्दही पंचदशीतल्या दहाव्याच्या गोष्टीतलेच. एकनाथांनी भावार्थरामायणात कौसल्येला सद्विद्या, कैकेयीला अविद्या आणि मंथरेला कुविद्या म्हटले आहे, तेही बाईंनी नीट उलगडले. पण नंतर त्या वाहवत गेल्या. वड पाच आणि तैत्तिरीय उपनिषदातले कोश, म्हणजे माणसाचे एकात एक थर, तेही पाच, म्हणून पंचवटी म्हणजे पंचकोश. शूर्पणखेचे नाक म्हणजे अहंकार, आणि ते कापले म्हणून हे नाशिक. संख्या जुळली म्हणजे अर्थ जुळला असे नसते, हे हिशेबनीस म्हणून मी खात्रीने सांगू शकते. दोन वेगळ्या खात्यांत सारखी रक्कम असणे हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो. शिवाय नाशिकचे नाव नऊ शिखरांवरून आले असेही सांगितले जाते, त्याचा उल्लेख झाला नाही. आणि नाक कापले जाणे म्हणजे आपल्या भाषेत अब्रू जाणे. ज्या वर्गात खचलेल्या बायका आत्मसन्मान शोधायला आल्या आहेत तेथे एका बाईच्या कापलेल्या नाकाला अहंकाराचे निर्मूलन म्हणून मोकळे होणे मला रुचले नाही. शब्दाच्या सरळ अर्थाबद्दल पहिल्या दिवशी घातलेला नियम बाईंनी येथे स्वतःच मोडला. मी तसे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, “खरं आहे. ही माझी हौस.”

शेवटच्या बैठकीला प्रश्नोत्तरे होती, आणि एका तरुण वकिलाने जो प्रश्न विचारला त्यासाठी मी हा वर्ग लक्षात ठेवीन. तो म्हणाला की माझे पणजोबा २ मार्च १९३० पासून या मंदिराच्या बंद दरवाजाबाहेर बसले होते. आत ‘ते तू आहेस’ हे मानणारी माणसे होती की नव्हती? माडीवर शांतता पसरली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, त्याच वर्षी रामनवमीच्या उत्सवातल्या रथाच्या वादातून दगडफेक झाली, आणि तरीही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. हे सगळे आम्हा नाशिककरांना माहीत असते आणि आम्ही ते वर्गात उच्चारत नाही. बाईंनी सारवासारव केली नाही. आंबेडकरांनीच आपल्या लेखनात म्हटले आहे की ‘तत्त्वमसि’सारखी महावाक्ये लोकशाहीचा पाया होऊ शकली असती, पण ब्रह्म हे तत्त्वज्ञानातच राहिले, त्याचा धर्म झाला नाही, एवढे त्यांनी सांगितले आणि पुढे म्हणाल्या की या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, मी फक्त हा अध्याय यापुढे हा प्रश्न घेऊनच शिकवीन. वकील पुढच्या वर्गाला येणार नाही असे मला वाटले होते. त्याने जाताना पंचदशीची प्रत कोठे मिळेल ते विचारले.

आता व्यवस्थेबद्दल. जिना उभा आणि अरुंद आहे, कठड्याऐवजी दोर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी जाऊन पाहावा. वर्ग एकदाही साडेपाचला सुरू झाला नाही, कारण गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मी माणसे अडकतात आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांनी त्यात भर घातली आहे. मी निमाणी बसस्थानकापर्यंत सिटीलिंकच्या शहर बसने येऊन पुढे चालत जात असे, आणि तोच मार्ग सुचवीन. टिपणांच्या झेरॉक्स प्रती इतक्या बारीक अक्षरांत आहेत की संस्कृतचे जोडशब्द भिंगाशिवाय सुटत नाहीत. बाई माइक वापरत नाहीत आणि समोरचा पंखा आवाज करतो, म्हणून तिसऱ्या रांगेच्या मागे अर्धे वाक्य पोहोचते. आयोजकांपैकी एक गृहस्थ दर शनिवारी चहाच्या वेळी कोणत्या तरी ध्यानशिबिराची पावती पुस्तके घेऊन फिरत असत. बाईंना हे ठाऊक नव्हते असे नंतर कळले. चहा मात्र गवती चहा घातलेला, आणि दुसरा कप कोणी नाकारत नाही.

ज्यांना आठवड्याभरात बरे वाटायला हवे आहे त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. वर्ग संपून सहा आठवडे झाले आहेत, आणि साडेआठला मी अजूनही कधीकधी घड्याळाकडे पाहते. त्याचे मला आता नवल वाटत नाही, कारण दहाव्याच्या गोष्टीत एक तपशील आहे जो बाईंनी अगदी शेवटी सांगितला: दहावा सापडताच रडणे थांबते, पण बडवून घेतलेल्या डोक्यावरची जखम भरायला महिना जातो, असे विद्यारण्यांनी लिहून ठेवले आहे. माझ्या बाबतीत महिन्याचा हिशेब थोडा चुकला आहे एवढेच.

पुढचा वर्ग चातुर्मासात, बृहदारण्यकातल्या याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांच्या संवादावर आहे. फी २,००० होणार असे कानावर आहे; त्यात टिपणे मोठ्या अक्षरांत मिळाली तर माझी हरकत नाही. मी नाव दिले आहे. नोंदणीच्या वहीत कंडक्टर काकांनी आपले नाव दहाव्या ओळीवर यावे म्हणून वरची एक ओळ कोरी सोडली आहे. जागा तीसच आहेत, तेव्हा आयोजकांनी ती ओळ कोणाला तरी द्यावी.